पाऊचमधली पाचवी वस्तू

श्रीलंकेच्या आठ दिवसांच्या सहलीसाठी पुण्यात दीपप्रज्वलन झालं. प्रवासकंपनीने एक सभागृह घेतलं होतं. समई होती, निवेदिका होती, आणि चाळीस निवृत्त माणसांना निळ्या टोप्या वाटायला एक प्रमुख पाहुणेही बोलावले होते. प्रवासाने माणूस कसा समृद्ध होतो, ते त्यांनी पंचवीस मिनिटं सांगितलं. ते स्वतः श्रीलंकेला गेले होते का, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मग सहलीबरोबर येणारा तरुण व्यवस्थापक उठला आणि कामाचं तेवढं बोलला. तिकडे हवा दमट असते, ऊन थेट डोक्यावर येतं आणि अंगावरचा घाम वाळत नाही. क्रीम, तेल वगैरे हातातल्या बॅगेत न्यायचं असेल तर प्रत्येक बाटली शंभर मिलीच्या आतली हवी, आणि सगळ्या मिळून एका पारदर्शक पाऊचमध्ये मावायला हव्यात. पाऊच त्याने टोपीबरोबरच दिला. माझ्या पंजाएवढा होता.

चहाच्या वेळी सहलीतल्याच एक बाई बायकोजवळ आल्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचे गाल किती छान गुलाबी आहेत हो. काय लावता?"

बायको हसली. "यांना विचारा," म्हणाली.

मला त्या संध्याकाळी अभिमान वाटला, हे आधीच सांगून टाकतो. पुढच्या महिनाभरात जे झालं ते तिच्या चेहऱ्याचं झालं, पण त्याची सुरुवात माझ्या अक्षरात झाली होती.

त्याच्या चार वर्षं आधी तिच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग आलं. तपकिरी डाग, नकाशावर बेटं काढावीत तसे. दुखत नव्हते, खाजत नव्हते. पण सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत बायका थांबून "अगं, चेहऱ्याला काय झालं?" असं विचारायच्या. बायकोने तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली होती. ती कुणाच्या विचारण्याने खचणारी नव्हती. तरी एका लग्नाला जायचं तिने टाळलं, तेव्हा मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात कारंजं होतं. भिंतीवर डॉक्टरांचे मोठ्या माणसांबरोबरचे फोटो होते, आणि त्यांच्या कागदावर नावाखाली पदव्यांची दीड ओळ होती. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलेला माणूस. पदव्यांमधली विरामचिन्हं चुकलेली मला तिथल्या तिथे दिसली. डॉक्टरांनी एक बारीक ट्यूब लिहून दिली. रात्री पातळ थर लावायचा, तीन आठवडे. मग दाखवायला यायचं. रिक्षात बसल्यावर मी बायकोला म्हटलं, तीन आठवड्यांनी बोलावलंय, कारंज्याचं वीजबिल तेव्हा येत असणार. ती हसली. तीन आठवड्यांत डाग निम्मे झाले, सहा आठवड्यांत दिसेनासे झाले, आणि आम्ही दाखवायला गेलो नाही.

माझ्याकडे एक वही आहे. मुलगी लहान असल्यापासून घरात कुणाला काय झालं, कशाने बरं वाटलं, ते मी तीत लिहीत आलो. तीन रकाने: आजार, औषध, गुण. तिसऱ्या रकान्यात 'आला' किंवा 'नाही'. किती दिवस घ्यायचं, पुन्हा कधी दाखवायचं, याला रकाना नव्हता. तो विसरलो नव्हतो. मुद्दामच ठेवला नव्हता. ती डॉक्टरांची गरज, आजाराची नव्हे, असं माझं मत होतं, आणि ते मत मी सोसायटीच्या बैठकांत चहाबरोबर पुष्कळदा मांडलं होतं. तर त्या पानावर मी लिहिलं: वांग, ट्यूबचं नाव, आला.

ट्यूब संपली की मी वहीतून चिठ्ठी करून नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात द्यायचो. दुकानदाराने कधी डॉक्टरांचा कागद मागितला नाही. माझ्या अक्षरावर त्याचा डॉक्टरांच्या अक्षरापेक्षा जास्त विश्वास होता, कारण माझं वाचता येत असे. अशी चार वर्षं गेली. डाग पुन्हा आले नाहीत. गाल आधी उजळ झाले, मग गुलाबी.

सभागृहातल्या त्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी मुलगी वाघोलीहून आली. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सिंहगड रोडवर यायचं, म्हणजे ती आल्या आल्या अर्धा तास कुणाशी बोलत नाही. पाणी प्यायली, पंख्याखाली बसली आणि मग म्हणाली, "आई, तुझं चेहऱ्याचं सगळं घेऊन ये."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बायकोने एकेक वस्तू आणली. चौदा झाल्या. गुलाबपाणी, मुलतानी माती, चंदनाची पावडर, कोरफडीचं जेल, हिवाळ्यातलं घट्ट क्रीम, खोबरेल तेलात काहीतरी घातलेली एक बाटली, नमुन्याच्या म्हणून फुकट मिळालेल्या चार पुड्या, आणखी काय काय. मी तिथेच वाचत बसलो होतो. पान मात्र उलटत नव्हतो.

मुलीचा हिशेब सोपा होता. दमट हवेत घट्ट क्रीम मुरत नाही, घामाबरोबर साचून राहतं आणि पुरळ उठतं, म्हणून ते बाहेर. तेल बाहेर. माती पाण्यात कालवून चेहऱ्यावर वाळवत बसायला हॉटेलात वेळ नसतो, ती बाहेर. पुड्यांची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. बायको प्रत्येक वस्तूची बाजू मांडत होती आणि मुलगी ऐकून घेऊन ती वस्तू डावीकडे सरकवत होती. उजवीकडे आलं ते एवढंच: सौम्य फेसवॉश, हलकं जेलसारखं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि घामोळं आलंच तर कॅलामाइनची छोटी बाटली. सनस्क्रीन मी माझ्याकडच्या रिकाम्या होमिओपॅथीच्या बाटलीत काढून देतो म्हणालो. मुलीने सांगितलं की ते दुसऱ्या बाटलीत काढायचं नसतं, मूळ ट्यूबच छोटी घ्यायची, आणि उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. "बाबा, तुमच्या बाटल्या राहू द्या," म्हणाली. चाळीस बाटल्या मी धुऊन ठेवल्या होत्या.

टेबलावर मधोमध एक वस्तू उरली. बारीक ट्यूब, मधोमध दुमडून वर क्लिप लावलेली.

हे काय, असं मुलीने विचारलं. बायको म्हणाली, रात्रीचं, वांगावरचं. वांग कुठे आहे? ते गेलं. मग हे कशाला? लावते म्हणून गेलं.

मुलीने ट्यूब खिडकीशी नेली, मोबाइलचा टॉर्च लावून दुमडलेली अक्षरं उलगडून वाचली. वाचायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती तिथे उभी राहिली. मग मला विचारलं, हे कुणी दिलं. मी वही आणून दाखवली. तिने पान पाहिलं. तिसऱ्या रकान्यावर तिचं बोट जरा थांबलं. तिने वही मिटून माझ्या हातात दिली.

जाताना ती एवढंच सांगून गेली की प्रवासात काही नवीन लावायचं नसतं; म्हणून जे न्यायचं तेच, तेवढंच, आजपासून घरी वापरून बघ. ट्यूब न्यायची नाही, तर ती आजपासून बंद. "आणि आई," ती दारातून म्हणाली, "काही झालं तर मला लगेच फोन कर. बाबांना विचारत बसू नकोस."

पहिले तीन दिवस काही झालं नाही. बायको सकाळ-संध्याकाळ चार वस्तू ओळीत मांडायची आणि मुलीने सांगितलं तसं करायची. मे महिना होता, दुपारी बाहेरून भट्टी उघडल्यासारखी झळ यायची. ती सनस्क्रीन लावून गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची आणि प्रवासाची तालीम चाललीय म्हणायची. चौथ्या दिवशी गाल खाजायला लागले. पाचव्या दिवशी पाणी लागलं की आग. तिला वाटलं पाण्यात काहीतरी असणार. खडकवासल्याचं पाणी मेमध्ये तळाचं येतं, ही तिची जुनी तक्रार होतीच. मी पिण्याचं गाळलेलं पाणी चेहऱ्याला दिलं. आग तशीच.

मग मी पद्धतशीरपणे शोधायला बसलो. आधी नवीन फेसवॉश बंद केला. मग सनस्क्रीन. मग मॉइश्चरायझर. प्रत्येक वस्तूला मी एक दिवस दिला, आणि प्रत्येक दिवशी चेहरा आदल्या दिवसापेक्षा लाल होत गेला. आठव्या दिवशी ती काहीच लावत नव्हती आणि चेहरा भाजल्यासारखा दिसत होता. हनुवटीवर बारीक पुळ्या आल्या. पोळ्यांच्या तव्याची वाफ सहन होईना म्हणून स्वयंपाक मी करायला लागलो. त्याबद्दल ती काही बोलली नाही, यावरूनच दुखणं किती आहे ते मला कळायला हवं होतं. खिडकीचे पडदे दिवसा ओढलेले. घरात ती बोलायचीसुद्धा कमी, कारण बोलताना गाल हलायचे.

एक गोष्ट मी तपासली नव्हती. बंद केलेल्या वस्तूमुळेही काही होऊ शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिने ती ट्यूब घेतली. लपवून नाही, माझ्यासमोर क्लिप काढली, म्हणाली, एकदाच लावते, झोप तरी लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली तेव्हा चेहरा शांत होता. पुळ्या बसल्या होत्या, लाली उतरून पुन्हा ते गुलाबी झालं होतं, ज्याचं सभागृहात कौतुक झालं होतं. आम्ही दोघांनी चहा घेतला. मला इतकं हलकं वाटलं की मी मुलीला फोन करून चांगली बातमी दिली.

  तिने विचारलं, "एका रात्रीत?"

मी हो म्हटलं, आणि म्हटलं, तपकीर ओढणाऱ्यासारखं झालंय, चिमूट ओढली की जग पूर्ववत. तिला हसू आलं नाही. तिने फोन चालू असतानाच दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली, त्वचेच्या एका वेगळ्या डॉक्टरांची. फोन ठेवायच्या आधी पत्ता दोनदा लिहून घ्यायला लावला.

या डॉक्टर तरुण होत्या. खोलीत कारंजं नव्हतं, फोटो नव्हते, पदवी एकाच ओळीत होती. मला उगाचच वाटलं की इथे काही चुका सापडणार नाहीत. त्यांनी बायकोला खिडकीजवळ बसवलं आणि दिवा असलेलं भिंग तिच्या गालावर धरलं. मग मला जवळ बोलावून त्यातून बघायला सांगितलं. गालाच्या कातडीखाली बारीक लाल धागे पसरले होते, झाडाच्या पानावर असतात तसे. चार वर्षं ज्याला आम्ही गुलाबी म्हणत होतो, ते हे.

ट्यूबमध्ये तीन औषधं असतात, त्यांनी सांगितलं. एक रंग उजळतं, एक वरचा थर काढतं, आणि तिसरं स्टेरॉइड, जे या दोघांमुळे होणारी जळजळ दाबून ठेवतं. हे तिसरं चेहऱ्यावर थोड्या दिवसांसाठी चालतं. फार दिवस लावलं की कातडी पातळ होत जाते, खालच्या रक्तवाहिन्या दिसायला लागतात, ऊन सोसत नाही. आणि बंद केलं की इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं.

"पुन्हा लावलंत की एका रात्रीत शांत होईल," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला काल कळलंच आहे. त्यामुळेच ते सुटत नाही."

बायकोने विचारलं, बंद केलं तर किती दिवस. काही आठवडे, कदाचित काही महिने. आधी अजून वाढेल, मग हळूहळू उतरेल. पूर्ण पहिल्यासारखं होईल का? यावर त्यांनी "बरंचसं" असं म्हटलं आणि कागदावर लिहायला लागल्या. श्रीलंकेचं विचारलं तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, त्या उन्हात आणि त्या दमट हवेत या चेहऱ्याने आत्ता नको.

मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा दिलं तेव्हा किती दिवस लावायला सांगितलं होतं?"

बायको म्हणाली, लक्षात नाही. आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच वाटत होतं की वहीत असेल.

"तीन आठवडे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते त्यांनी ठरवून केलं असावं.

रिक्षा म्हात्रे पुलाकडे निघाली. चेहऱ्यावर वारा लागू नये म्हणून बायकोने ओढणी डोळ्यांखाली गुंडाळून धरली होती. पुलावर सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "अहो, मी गेले असते. तीन आठवड्यांनी दाखवायला. तुम्ही हसलात म्हणून मी हसले."

 सिग्नल सुटला.

ट्यूब तिने स्वतः फेकली. त्यानंतरच्या दिवसांचं वर्णन मी फार करणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून वाईट झालं असं नाही. सांगितलं होतं तसंच झालं, फक्त ऐकताना ते लहान वाटलं होतं. चेहरा सुजला. कातडीचे पापुद्रे सुटायला लागले, त्यांच्याखालची कातडी ओली आणि लाल होती. ती दर तासाला थंड पाण्यात भिजवलेलं मऊ सुती फडकं गालांवर ठेवायची. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावताना डोळे मिटून घ्यायची आणि तिची पायाची बोटं चपलेत आवळलेली मला दिसायची. दाराची बेल वाजली की ती आत जायची. प्रवासकंपनीला कळवलं तेव्हा त्यांनी 'आपल्या निर्णयाचा आम्ही आदर करतो' असा निरोप आणि एक सूर्यास्ताचं चित्र पाठवलं; आमची नावं पावसाळ्यानंतरच्या तुकडीत घातली.

अकराव्या दिवशी फडकं गालावर धरूनच तिने मला विचारलं, या ट्यूबची चिठ्ठी तुम्ही आणखी कुणाकुणाला दिलीत?

मी वही उघडली नाही, कारण ते वहीत नव्हतं. आठवून चार घरं झाली. दोघांना फोन केला. त्यांनी ती ट्यूब आणलीच नव्हती. तिसऱ्यांनी ती पायाच्या बोटांतल्या खरजेवर आठवडाभर लावली होती आणि उपयोग नाही म्हणून टाकून दिली होती. मी त्यांच्या तर्कशुद्ध वागण्याबद्दल कृतज्ञ झालो. चौथं घर आमच्या खालच्या मजल्यावर होतं.

तिथे आई आणि मुलगी. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मुरुमांचे डाग राहिले म्हणून तिच्या आईने दीड वर्षापूर्वी माझ्याकडून चिठ्ठी नेली होती, आणि दिवाळीत चिवड्याचा डबा देताना सांगितलंही होतं, काका, तुमच्या औषधाने जादू झाली. त्या मुलीला मी रोज जिन्यात बघत होतो. चेहरा कसा उजळलाय, असं मनात म्हणतही होतो. आता जिन्यात ती भेटली की माझी नजर तिच्या गालांवर जायची आणि मी ती काढून घ्यायचो.

मी संध्याकाळी खाली गेलो. मुलगी घरात होती, आतल्या खोलीत. तिच्या आईने मला बसवलं, सरबत विचारलं. मी जे होतं ते सांगितलं: ट्यूबमध्ये काय असतं, बायकोचं काय झालं, डॉक्टर काय म्हणाल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान तिरकी करून म्हणाल्या की काकूंचं वय वेगळं, कातडी वेगळी. आमच्या हिला काहीच त्रास नाही, उलट किती छान झालंय. पुढच्या महिन्यात तिच्या मावसबहिणीचं लग्न आहे, सगळे नातेवाईक येणार, दोन-तीन ठिकाणची माणसं हिला मुद्दाम बघायलाच येणार. आत्ता नको बंद करायला. तेवढं लग्न होऊ दे.

मी म्हटलं, निदान एकदा डॉक्टरांना दाखवा.

"काका, तुम्हीच म्हणाला होतात ना," त्या हसून म्हणाल्या, "डॉक्टर परत बोलावतात ते त्यांच्या सोयीसाठी. माझ्या चांगलं लक्षात आहे. मी आमच्या ऑफिसातसुद्धा सांगितलंय ते."

ऑफिसात कुणाकुणाला सांगितलंय, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी उठलो. दारात त्या म्हणाल्या, तुम्ही दिलेलं औषध तुम्हीच परत मागायला आलात, असं पहिल्यांदाच बघते.

वर येऊन मी बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकलं, फडकं वाटीत टाकलं आणि उभी राहिली. मला वाटलं आत जातेय. तिने पायात चपला घातल्या. अकरा दिवसांत ती डॉक्टरांखेरीज कुणाच्या दृष्टीला पडली नव्हती. ओढणी खुंटीवर होती, ती तिने घेतली नाही. मी म्हटलं, अगं, निदान ओढणी तरी, तर ती म्हणाली, "तुम्ही सांगून आलात ना? आता मी दाखवून येते."

जिन्यात एक शेजारी वर येत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला होऊन भिंतीकडे तोंड केलं. ती थांबली नाही.

खालच्या घराचं दार उघडलं तेव्हा त्या बाई काहीतरी बोलायला गेल्या आणि मागे सरकल्या. बायको आत गेली, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली खुर्ची ओढून बसली आणि आतल्या खोलीकडे बघून मुलीला हाक मारली. मुलगी दारात आली आणि तिथेच थांबली.

"जवळ ये," बायको म्हणाली. "तिथून नाही दिसणार."

मुलगी जवळ आली. बायकोने चेहरा वर करून दिव्याकडे धरला. त्या उजेडात काही लपत नव्हतं: सुटलेले पापुद्रे, त्यांच्या कडा, मधली ओलसर लाल कातडी, सुजून बारीक झालेले डोळे. मी दारापाशी उभा होतो. चार वर्षं ज्या चेहऱ्याचं श्रेय मी घेतलं, तो आता दोन परक्या बायका निरखत होत्या. 

"हे लावल्यामुळे नाही झालं," बायको म्हणाली. "बंद केल्यामुळे झालं. लावत राहिले असते तर आजही तुझ्यासारखी दिसले असते. मी चार वर्षं लावलं. तुझं दीडच झालंय."

मुलीची आई म्हणाली, पण काकू, हिला तर काहीच. आणि थांबली, कारण मुलगी तिच्याकडे बघत नव्हती.

"काकू," मुलीने हळू विचारलं, "हे जातं का?"

"जातं म्हणतात. कधी ते नाही सांगितलं."

 मुलगी म्हणाली, "परीक्षेच्या वेळी मी हॉस्टेलवर मैत्रिणीकडे राहिले होते. ट्यूब घरी राहिली होती. चार दिवस." तिने एकदा आईकडे पाहिलं. "चौथ्या दिवशी पेपर टाकून घरी आले ना मी. पोटात दुखतंय असं सांगून."

तिच्या आईने मघाच्या सरबताचा ट्रे उचलला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. पेला कलंडला तो सरळ केला नाही. कोणता पेपर, असं त्यांनी विचारलं.  मुलीची बोटं तिच्या स्वतःच्या गालाजवळ गेली होती आणि टेकता टेकता थांबली होती.

ती आत गेली. बेसिनचा नळ सुटल्याचा आणि चेहरा खसाखसा धुतल्याचा आवाज आला.  त्या महिन्यात सोसायटीला पाणी दिवसाआड येत होतं आणि कुणी नळ असा मोकळा सोडत नसे. पाणी वाहत राहिलं, मग आतून एक बारीक आवाज आला, दातांमधून श्वास ओढून घेतल्यासारखा, आणि पाणी वाहतच राहिलं. तिची आई तो नळ बंद करायला गेली नाही.